भाव चढले तर कात्री कुठे लावायची आणि कुठे नाही

अन्नधान्याचे भाव चढले की प्रत्येक घर कुठे ना कुठे कात्री लावतं. ज्यांचं हातावर पोट आहे त्यांना ती बसून, विचार करून लावायला उसंत नसते. डाळ महागली, पातळ करा. दूध महागलं, बंद करा. रात्री कुणीतरी ‘मला भूक नाही’ म्हणून उठतं. चार-सहा महिने असे गेले की वरवर पोटं भरलेली दिसतात, पण पोराचं वजन वाढायचं थांबलेलं असतं आणि त्याच्या आईला चार पायऱ्या चढताना धाप लागत असते.

हा लेख त्या कात्रीचा क्रम आधीच ठरवण्याबद्दल आहे: आधी काय सोडायचं, मग काय, आणि काही झालं तरी काय सोडायचं नाही. घर चालवणाऱ्यांसाठी तो आहे, तसाच अशा घरांसोबत काम करणारे बचत गट, शिक्षक आणि आरोग्य कार्यकर्ते यांच्यासाठीही.

काटकसरीने गरिबी जात नाही, हे सुरुवातीलाच मान्य करायला हवं. जिथे पैसाच पुरेसा नाही, तिथल्या माणसाला नुसते नियोजनाचे धडे देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून या लेखाचा बराच भाग स्वयंपाकघराबाहेरचा आहे: उधारी, एकत्र खरेदी, हक्काची मदत.

आधी समजून घ्या: भाववाढ सगळ्यांना सारखी लागत नाही

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाचे तक्ते तपासले. कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा, असं त्यांना दिसलं. आजही हे जगभर खरं ठरतं. अमेरिकेत सरासरी कुटुंबाच्या हाती येणाऱ्या पैशातला साधारण नववा हिस्सा अन्नावर जातो. गरीब देशांतल्या गरीब घरांत निम्मा किंवा त्याहून जास्त.

आता हिशेब करा. एका घरात शंभरातले साठ अन्नावर जातात. भाव एक पंचमांश वाढले, तर तेवढंच अन्न आणायला आणखी बारा लागतात. ते कुठून येणार? उरलेल्या चाळीसातून, म्हणजे भाडं, औषध, शाळा आणि कामावर जायचा प्रवास यातून. ज्या घरात शंभरातले बाराच अन्नावर जातात, तिथे त्याच भाववाढीने जेमतेम अडीच जास्त जातात. सरासरी महागाईचा एकच आकडा या दोन घरांना लावणं म्हणजे गरिबाची अडचण झाकून टाकणं.

दुसरा गैरसमज बातम्यांतून होतो. ‘महागाई घटली’ असं ऐकलं की भाव उतरतील असं वाटतं. तसं नसतं. पहिल्या वर्षी भाव दहा टक्क्यांनी वाढले आणि दुसऱ्या वर्षी तीन टक्क्यांनी, तर शंभराची वस्तू आधी ११० ला आणि मग ११३ च्या वर जाते. दर घटला, भाव चढतच राहिला. तेव्हा ‘पुढच्या महिन्यात उतरेल’ या भरवशावर उधारी वाढवू नका.

तरी काही भाव खरंच उतरतात, आणि कुठले ते ओळखता आलं पाहिजे. हंगामी चढ असेल, म्हणजे एखादी भाजी अवकाळी पावसाने नासली, तर नवीन पीक येईपर्यंत तिच्याशिवाय भागवा. निर्यातबंदी, साठेबाजी, युद्ध अशा धक्क्याने चढलेले भाव अनेक महिने टिकतात. २००८ मध्ये जगात तांदळाचं पीक बुडालं नव्हतं. तरीही काही देशांनी निर्यात रोखली, काहींनी घाबरून खरेदी केली आणि काही महिन्यांत जागतिक बाजारात तांदूळ जवळपास तिप्पट महागला. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर मार्च महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्नभाव निर्देशांक १६० च्या आसपास, म्हणजे तोवरच्या उच्चांकावर पोचला. २०१४ ते २०१६ ची सरासरी त्यात १०० धरलेली आहे. तिसरा प्रकार इंधन आणि खतांचा. नत्रयुक्त खत बनतं ते मुख्यतः नैसर्गिक वायूपासून, त्यामुळे वायू महागला की खत महागतं आणि पुढच्या हंगामाचं जवळजवळ सगळंच पीक महाग पडतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात वाट पाहून भागत नाही, घरातली पद्धत बदलावी लागते.

पायरी १: दोन आठवडे लिहून काढा, पण किलोच्या भावाने

वही, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू, काहीही चालेल. जे आणलं ते, किती आणलं आणि किती पैसे दिले, एवढंच लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला सांगा. त्याचं गणितही सुधारेल. दोन आठवड्यांनंतर प्रत्येक वस्तूचा किलोचा भाव काढा.

इथे बहुतेकांना धक्का बसतो. दहाचं पाकीट स्वस्त वाटतं. त्यावर ५० ग्रॅम लिहिलं असेल तर किलोला २०० पडले. तीच वस्तू सुटी किंवा मोठ्या पुड्यात बऱ्याचदा निम्म्या-पाऊण भावात मिळते. रोज कमावून रोज आणणाऱ्याला मोठा पुडा एकदम घेता येत नाही, म्हणून गरीब माणूस त्याच वस्तूला जास्त पैसे मोजतो. यावरचा उपाय पायरी ५ मध्ये आहे. पाकिटाची किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी करण्याची चालही भाववाढीच्या काळात सर्रास चालते. म्हणून किमतीआधी वजन वाचायची सवय लावा.

पायरी २: पोषणाचा भाव काढा

किलोचा भावही अर्धीच गोष्ट सांगतो. पालेभाजीत सुमारे ९० टक्के पाणी असतं, कोरड्या डाळीत दहा-बारा टक्के. दोघींचे किलोचे भाव एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही.

प्रथिनांसाठी एक सोपी युक्ती आहे. वस्तूच्या किलोच्या भावाला तिच्या १०० ग्रॅममधल्या प्रथिनांच्या आकड्याने भागा. जे उत्तर येईल तो १० ग्रॅम प्रथिनांचा भाव. ढोबळ आकडे असे: कडधान्यं आणि डाळी २० ते २५, सोयाबीन ३६ च्या आसपास, शेंगदाणे २५, गहू १० ते १२, तांदूळ ७, साधी गोड बिस्किटं ६ ते ७, दूध ३ ते साडेतीन. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात.

समजा डाळ किलोला १२० पडते आणि तिच्यात २४ टक्के प्रथिनं आहेत. १० ग्रॅमचा भाव पडला पाच. बिस्किटं किलोला ६०, प्रथिनं ६ टक्के. १० ग्रॅमचा भाव दहा. निम्म्या किमतीला मिळणारी वस्तू दुप्पट महाग निघाली. वाढत्या वयाच्या मुलाच्या हातात ‘स्वस्त’ म्हणून जे पाकीट दिलं जातं, त्याचा खरा भाव हा असा.

सगळं प्रथिनांतच मोजायचं नाही. ऊर्जेसाठी धान्य आणि तेल सगळ्यात परवडतं; चमचाभर तेलात ४० च्या वर कॅलरी असतात. पालेभाज्या आणि फळं यांतून जीवनसत्त्वं आणि क्षार येतात, त्यांना हा हिशेब लावून ती ‘महाग’ ठरवू नका.

पायरी ३: कात्रीचा क्रम ठरवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून थोडं थांबून सांगायला हवं.

भाव चढल्यावर गरीब घरात नेमकं काय होतं, याचा जगात बराच अभ्यास झाला आहे. चीनच्या हुनान प्रांतात अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी अतिशय गरीब कुटुंबांना तांदळावर सवलत देऊन पाहिली. तांदूळ स्वस्त झाल्यावर ही माणसं तांदूळ कमी खाऊ लागली आणि सवलत थांबल्यावर पुन्हा जास्त. कारण सरळ आहे. तांदूळ महागला की त्यासोबतचं महागडं अन्न परवडेनासं होतं, आणि रिकामी जागा पुन्हा तांदळानेच भरावी लागते. बांगलादेशात १९९० च्या दशकातल्या नोंदी पाहणाऱ्यांना दिसलं की तांदूळ स्वस्त झाला तेव्हा घरात तांदूळ जवळपास तेवढाच शिजत राहिला, पण वाचलेले पैसे इतर अन्नावर गेले आणि कमी वजनाची मुलं कमी झाली.

म्हणजे पोट भरण्याचं धान्य शेवटपर्यंत टिकतं. ताटातून आधी जातं ते डाळ, भाजी, अंडं, दूध. ते जाताना आवाज होत नाही, कारण भूक भागलेली असते. तेव्हा तुमचा क्रम याच्या उलटा हवा.

सगळ्यात आधी पाकीटबंद खाऊ, गोड पेयं, बिस्किटं, झटपट शिजणाऱ्या शेवया आणि तयार मसाले बंद करा. ‘हे तर थोडंच असतं’ असं वाटतं. दोन आठवड्यांच्या वहीत बेरीज पाहा. चहा-साखर इथेच येते, पूर्ण बंद नाही तरी फेऱ्या कमी.

त्यानंतर प्रकार बदला, गट सोडू नका. महाग डाळीऐवजी स्वस्त डाळ किंवा अख्खं कडधान्य. बारीक तांदळाऐवजी जाड. महागड्या भाजीऐवजी हंगामातली पालेभाजी. फळ हवंच असेल तर जे त्या महिन्यात ढिगाने येतं ते. डाळीच्या जागी डाळीच्याच गटातली वस्तू आली पाहिजे, बटाटा नव्हे.

मग मोठ्यांच्या ताटातलं मांस-मासे, दूध, मिठाई कमी करा. लहान मुलांच्या आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईच्या ताटातलं नाही.

आणि काही झालं तरी सोडायचं नाही ते हे: रोज कुठलं तरी एक कडधान्य किंवा डाळ, आठवड्यातून निदान चारदा पालेभाजी, लहान मुलाच्या जेवणातलं चमचाभर तेल, आणि आयोडीनयुक्त मीठ. सुट्या साध्या मिठात वाचणारे पैसे इतके थोडे असतात की गरोदरपणात आयोडीन कमी पडून बाळाच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामापुढे ते काहीच नाहीत.

हा क्रम सगळ्यांनी मिळून ठरवा आणि भिंतीवर लावा. एकट्या बाईवर सोडला तर ती आधी स्वतःचंच ताट कमी करते.

स्वस्ताईच्या शोधात एक धोका मात्र ओळखून असा. लाख किंवा लाखोळी नावाची डाळ दुष्काळात तग धरते, म्हणून टंचाईत ती सगळ्यात स्वस्त असते. आहाराचा मोठा हिस्सा काही महिने फक्त तिच्यावर राहिला, तर तिच्यातल्या विषारी घटकाने पाय कायमचे लुळे पडू शकतात. भारतात, बांगलादेशात, इथिओपियात हे घडलेलं आहे. कधीमधी, मिसळून खाल्ली तर गोष्ट वेगळी. रोजचं मुख्य अन्न म्हणून नको. कडू कसाव्याचंही, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा बनतो त्याच्या कडू जातीचंही, तसंच. तो नीट भिजवून, आंबवून, वाळवून घेतला नाही तर त्यात सायनाइड तयार करणारे घटक राहतात. १९८१ च्या दुष्काळात मोझांबिकमध्ये भुकेपोटी ही प्रक्रिया घाईने उरकली गेली आणि हजाराहून जास्त लोकांचे, मुख्यतः बायका-मुलांचे, पाय लुळे पडले.

पायरी ४: तेवढ्याच धान्यातून जास्त मिळवा

धान्यातल्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी असतं ते धान्यात असतं. दोन्ही एकत्र शिजवली तर अंगी लागतात. कोरडं मोजून तीन-चार वाट्या धान्याला एक वाटी डाळ, हे प्रमाण धरा. डाळ पाण्याने वाढवायची वेळ आली, तर तीच डाळ धान्यातच शिजवलेली बरी. पातळ वरणाचं पाणी पोरांच्या पोटात जागा अडवतं आणि देत फारसं काही नाही.

कडधान्य रात्रभर भिजवा. इंधन वाचतं, पचायला हलकं होतं. राजमा मात्र भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळलाच पाहिजे. अर्धाकच्चा राजमा विषबाधा करतो. भांड्यावर झाकण ठेवा, उकळी आली की आच कमी करा, प्रेशर कुकर असेल तर तोच वापरा. भाव अन्नाचे वाढतात तेव्हा इंधनाचेही वाढलेले असतात, आणि चुलीतली बचत ताटात टाकता येते.

पालेभाजी आधी धुवा, मग चिरा, आणि थोड्या पाण्यात शिजवा. पालेभाजी-कडधान्यातलं लोह शरीरात सहज शिरत नाही. जेवणात लिंबू, पेरू, आवळा, टोमॅटो असं काही आंबट-ताजं असलं की ते जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला की उलट होतं. चहा जेवणापासून तासभर लांब ठेवणं हा लोह वाढवायचा फुकट उपाय आहे.

पायरी ५: एकत्र घ्या, कोरडं साठवा, उधारी आवरा

पाच-दहा घरांनी मिळून डाळ, धान्य, तेल मोठ्या प्रमाणात घेणं हा छोट्या पाकिटांवरचा उपाय. नियम सुरुवातीलाच ठरले पाहिजेत: पैसे आधी, वजन सगळ्यांसमोर, हिशेबाची वही दोघींच्या हाती. बहुतेक गट भावामुळे नाही, हिशेबामुळे मोडतात. पहिल्यांदा एकच वस्तू घ्या, जी सगळ्यांना लागते आणि नासत नाही.

कापणीनंतर धान्य स्वस्त असतं आणि पुढच्या पिकाआधी महाग. पश्चिम केनियातल्या मका पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांबद्दल संशोधकांनी हेच नोंदवलं: पैशाची नड म्हणून ते कापणीला स्वस्तात विकतात आणि काही महिन्यांनी तोच मका चढ्या भावाने विकत आणतात. त्यांना कापणीच्या वेळी कर्ज मिळालं तेव्हा धान्य थांबवून ठेवता आलं आणि कमाई वाढली. म्हणून बचत गटाकडे थोडी शिल्लक असेल तर ती कर्ज म्हणून द्यायची योग्य वेळ कापणीची आहे, टंचाईची नव्हे.

साठवायचं तर आधी वाळवा. धान्यात १२-१३ टक्क्यांहून जास्त ओलावा राहिला की बुरशी धरते, आणि काही बुरशींचं विष यकृत खराब करतं. यंत्र लागत नाही. दाणा दाढेखाली धरून चावा. कट्ट आवाज होऊन तो दोन तुकडे झाला तर वाळला आहे. दबला, चिवट लागला, तर अजून दोन दिवस ऊन हवं. संध्याकाळी धान्य गरम असतानाच भरू नका, आत दव धरतं. डबा काठोकाठ भरा आणि घट्ट बंद करा. आत हवा जितकी कमी तितकी कीड लवकर मरते. आफ्रिकेत चवळी साठवण्यासाठी तीन पदरी हवाबंद पोती याच तत्त्वावर तयार झाली: आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. किडे आतला प्राणवायू संपवतात आणि स्वतःच मरतात, औषध मारावं लागत नाही. बुरशीचा वास आलेलं धान्य किंवा शेंगदाणे धुऊन, भाजून निर्धोक होत नाहीत. ते टाकताना जीव तुटतो, तरी टाकाच.

आता उधारी. महिन्याला पाच टक्के व्याज ऐकायला थोडं वाटतं. व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला ते जवळपास ८० टक्के होतं, आणि महिन्याला दहा टक्के असेल तर वर्षात मुद्दल तिपटीच्या पुढे जातं. दुकानातल्या खात्यावर व्याज लिहिलेलं नसतं, ते भावात असतं. एकदा रोखीचा भाव विचारा, एकदा खात्यावरचा, आणि फरक वहीत लिहा. खाण्यासाठी कर्ज घ्यावंच लागलं तर आधी बचत गट, मग नातेवाईक, मग दुकान. सावकार सगळ्यात शेवटी.

आणखी एक भेद मनात पक्का असू द्या. काही कात्र्या मागे घेता येतात, काही येत नाहीत. सण साधेपणाने केला, तर पुढच्या वर्षी भरून काढता येतो. शिलाई मशीन विकलं, दुभतं जनावर विकलं, बियाणं खाल्लं, मुलीला शाळेतून काढलं, तर भाव उतरल्यावरही घर पूर्वीच्या जागी येत नाही. या गोष्टींची पाळी दिसू लागली की मदत मागायला उशीर करू नका. तोवर थांबणं हा स्वाभिमान नाही, घराचं नुकसान आहे.

पायरी ६: भांड्यातलं कुणाला किती

इंडोनेशियात १९९७-९८ च्या आर्थिक संकटात अन्नाचे भाव भडकले. मध्य जावातल्या घरांवर लक्ष ठेवणाऱ्या संशोधकांना दिसलं की लहान मुलांचं वजन फारसं घटलं नाही, आया मात्र वाळल्या. त्यांनी आपला घास मुलांना दिला होता. तरीही मुलांमध्ये रक्तक्षय वाढला, कारण त्यांना भात मिळाला, अंडी आणि पालेभाज्या नाहीत. आईच्या उपासाने मूल वाचलं असं वाटतं, पण ती गरोदर असेल तर पुढचं बाळ कमी वजनाचं जन्मतं.

म्हणून वाढायचा क्रम बदला. आधी लहान मूल आणि गरोदर किंवा पाजणारी आई, मग अंगमेहनतीचं काम करणारे, मग बाकीचे. वाढण्याआधीच आईचा वाटा वेगळा काढून झाकून ठेवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय, कारण शेवटी उरेल तेवढं खायची सवय बोलून सुटत नाही.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. पावडरच्या दुधावर असलेल्या बाळाचं दूध जास्त पाणी घालून पुरवणं जिवावर बेतू शकतं. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करा, पण आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवा. खिमट इतकं घट्ट हवं की चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही. बाळाचं पोट लहान. पातळ पेजेने ते भरतं, वजन वाढत नाही. आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीनदा, त्यानंतर तीन-चारदा.

आणि मूल मोजा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा हात सैल सोडा, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मधोमध खूण करा, तिथे टेप टेकेल इतपतच गुंडाळा, आवळू नका. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण आहे, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. आठवड्याच्या आत दाखवा आणि दर आठवड्याला पुन्हा मोजा. दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून खड्डा पडत असेल तर घेर कितीही असो, थांबू नका.

पायरी ७: घर कुठल्या टप्प्यावर आहे ते आकड्यात काढा

जगभर अन्नसंकट मोजणाऱ्या संस्था पाच प्रश्न विचारतात. मागच्या सात दिवसांत किती दिवस असं झालं? नेहमीपेक्षा हलक्या, स्वस्त अन्नावर भागवलं: प्रत्येक दिवसाला १ गुण. अन्न उसनं आणलं किंवा कुणाच्या मदतीवर राहिलो: २. ताटातला वाटा कमी केला: १. एक वेळचं जेवण टाळलं: १. लहान मुलांसाठी मोठ्यांनी कमी खाल्लं: ३.

एका घराने पाच दिवस स्वस्त अन्नावर काढले, दोन दिवस उसनं आणलं, तीन दिवस वाटा कमी केला, एक दिवस जेवण टाळलं आणि दोन दिवस मोठे अर्धपोटी राहिले. बेरीज ५ + ४ + ३ + १ + ६, म्हणजे १९. तीनपर्यंत गुण आले तर घर तग धरून आहे, चार ते अठरा म्हणजे ताण, एकोणीसपासून संकट. भांडं किती भरलंय हे बघणाऱ्याला हे दिसत नाही. विचारावं लागतं, आणि घरातल्या बाईला एकटीला विचारावं लागतं.

पायरी ८: हक्काचं ते मागा, आणि मिळून मागा

सवलतीचं किंवा मोफत धान्य, शाळेतलं जेवण, गरोदर मातांचा आणि लहान मुलांचा आहार, वृद्धांचं आणि विधवांचं निवृत्तिवेतन यांपैकी आपल्या भागात काय आहे ते एकदा नीट विचारून घ्या. मुलांचं शाळेतलं जेवण हा घरचा खर्च थेट कमी करणारा सगळ्यात मोठा आधार. भाववाढीच्या काळात मुलाची शाळा बुडवण्याने दुहेरी नुकसान होतं. सगळी कागदपत्रं एका पिशवीत, प्रत्येकाच्या दोन प्रती. नाव वगळलं, धान्य कमी दिलं, तर तक्रार तोंडी न करता लेखी करा आणि पोच घ्या. पाच घरांची एकच तक्रार असेल तर पाच सह्यांचा एकच अर्ज जास्त वजनाचा.

जिथे व्यवस्था कमी पडली तिथे बायकांनी एकत्र चुली पेटवल्या आहेत. पेरूच्या लिमा शहरातल्या गरीब वस्त्यांत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सामूहिक स्वयंपाकघरं उभी राहिली: सामान एकत्र, पाळीने रांधणं, घरटी ताटं. एका मोठ्या भांड्याला दहा छोट्यांपेक्षा इंधन कमी लागतं, आणि कमावत्या बाईचे दिवसाचे तीन-चार तास मोकळे होतात. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहराने १९९३ मध्ये अन्न हा नागरिकाचा हक्क धरून नगरपालिकेचं स्वतंत्र खातं सुरू केलं आणि सवलतीच्या दरातली जेवणघरं सगळ्यांसाठी खुली ठेवली. कुणाला गरिबीचा दाखला दाखवावा लागत नाही, म्हणून लाजेने कुणी मागे राहत नाही. आपल्या नगरसेवकाकडे मागणी करताना असं ठोस उदाहरण समोर ठेवता येतं.

मदत करणाऱ्यांसाठी: पैसे की धान्य?

बाजारात माल आहे आणि भाव स्थिर आहेत, तर पैसे द्या. घराला काय हवंय ते घरालाच जास्त कळतं, आणि डाळ-भाजी घेण्याची मोकळीक राहते. भाव पळत असतील तर मात्र रक्कम महिन्याभरात तोकडी पडते. इथिओपियाच्या सरकारी सुरक्षा योजनेत २००८ च्या सुमारास हेच झालं. रोख मिळणाऱ्यांच्या पैशाची खरेदीशक्ती झपाट्याने घसरली आणि लोक पुन्हा धान्यच मागू लागले.

रोख देणारच असाल तर एक टोपली ठरवा: अमुक किलो धान्य, अमुक डाळ, तेल, पालेभाजी, अंडी, मीठ. दर महिन्याला त्याच दुकानांतून तिची किंमत काढा. ती दहा टक्क्यांनी वाढली की रक्कमही तेवढी वाढली पाहिजे, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. वाढवायला पैसे नसतील तर घरं कमी करू नका. एकूण खर्च तेवढाच ठेवा आणि त्यातूनच टोपलीतली डाळ आणि तेल वस्तूरूपात द्या, कारण भाव चढले की सगळ्यात आधी ताटातून जातं ते हेच.